पारड्याच्या पाठीवर

सोमवारी सकाळी साडेदहाला मी फाईल उघडली आणि दहा ओळींच्या जागी एकच ओळ दिसली. आधी वाटलं, चुकीची फाईल उघडली. नाव पाहिलं, तारीख पाहिली, पडदा वर-खाली केला. एकच. मला शरीरातल्या गोष्टी मोजायची सवय आहे. टेबलाखाली मनगटावर बोटं ठेवून मी नाडी मोजली: अर्ध्या मिनिटात सत्तेचाळीस ठोके. समोर उर्वशी कचोरीच्या कागदाची घडी घालत होती. चौकोन, त्याचा आणखी लहान चौकोन, त्याहून लहान. तिने वर पाहिलं नाही. कागदाला तेल लागलं होतं आणि खिडकीतून आलेल्या उन्हात तो पारदर्शक दिसत होता, हे मला नको तितकं स्वच्छ आठवतं.

आमची कंपनी देवासच्या औद्योगिक भागात बॅटऱ्यांच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. दुरुस्ती करणारा माणूस काट्यावर प्रमाणित वजन ठेवतो, काटा किती चुकतो ते पाहतो आणि ती चूक आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो. ते सॉफ्टवेअर लिहितात दुसरे. माझं काम ते लोकांच्या कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या इन्स्टॉलरचं. लोकांना वाटतं इन्स्टॉलर म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पण त्या दोन नेक्स्टच्या मध्ये एक आख्खं नाटक चालतं. फायली ठेवणं, शॉर्टकट बनवणं ही नेहमीची कामं विंडोजची जुनी यंत्रणा करते. तिला जे माहीत नाही ते करायला आपण आपला कोड लिहून द्यायचा. त्याला कस्टम अ‍ॅक्शन म्हणतात, मी मनात नुसतं कृती म्हणतो. मी सी-शार्प या भाषेत लिहितो, आणि गंमत अशी की त्या जुन्या यंत्रणेला सी-शार्प कळतच नाही. आपला कोड तिला समजणाऱ्या एका कवचात भरून द्यावा लागतो. ती कवच ओळखते, आत काय आहे ते तिच्यापर्यंत पोचत नाही. शाळेत मी हिंदीत उत्तरं लिहायचो आणि घरी येऊन आईला मराठीत सांगायचो, तेव्हापासून हे कवच मला ओळखीचं आहे. तीन वर्षांपूर्वी मी अशा दहा कृती लिहिल्या होत्या. त्यातली मला सगळ्यात आवडायची ती शेवटची, सॉफ्टवेअर काढताना चालणारी. ती आमचा फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसायची. कचरापेटीतही टाकायची नाही, थेट पुसायची. इंदूरला एम.एस्सी. करताना प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, जाताना टेबल असं ठेवा की इथे कुणी आलंच नव्हतं. ती कृती लिहून झाली तेव्हा मला सरांची आठवण आली होती, आणि त्या दिवशी मी स्वतःला एक लस्सी पाजली होती.

उर्वशी एप्रिलमध्ये आली. धारची. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. मी एम.एस्सी. फिजिक्स, विद्यापीठात चौथा. हे इथे सांगायची गरज नाही, पण त्या सकाळी मी ते मनात तीनदा म्हटलं, म्हणून सांगतो.

“माझ्या दहा कृती कुठे गेल्या?” मी विचारलं. हसून विचारलं.

“अरे भिया, तुमच्या नऊ तर विंडोज स्वतःच करून देतं,” ती म्हणाली. “सर्व्हिस, फॉन्ट, रजिस्ट्री, सगळं. त्याला फक्त सांगायचं की हे हवंय. कसं करायचं ते त्याचं तो बघतो. आणि ती पुसापुशीची दहावी मी काढूनच टाकली. नोंदी कशाला पुसायच्या आपण?”

“आणि ही एक?”

“ती माझी. जुन्या नोंदी जुन्या फोल्डरमधून नव्या जागी आणते. ते विंडोजला नाही येत ना.”

अंबरीश सर केबिनच्या दारात उभे होते. कंपनी त्यांची, आणि दारात उभं राहून ऐकायची सवयही. “देखा विहंग? तीन मिनट का काम चालीस सेकंड में. भिया, इस लड़की ने तो तेरी पूरी दुकान समेट दी!” ते हसले. मीही हसलो. उर्वशी हसली नाही. ती म्हणाली, “नाही हो सर, भियांनी केलेलं होतं म्हणून तर कळलं काय काय लागतं.” तिने टोमणा मारला असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिच्या आवाजात शोधून सापडेल असं काही नव्हतं, आणि मी दिवसभर तेच शोधत राहिलो.

मत्सर हा शब्द मला मोठा वाटतो, कीर्तनात ऐकलेला. मला जे होतं ते लहान असतं आणि त्याला जागा असते. ते जिभेच्या मागच्या भागात सुरू होतं, पितळेची चव येते. पहिल्यांदा ती चव आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. गणेशोत्सवात मराठी समाजाच्या हॉलमध्ये पाठांतराची स्पर्धा होती. पीपलरावां गावाहून जया नावाची एक मुलगी आली होती, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. माझं म्हणून झालं होतं, टाळ्याही झाल्या होत्या. मग ती उभी राहिली आणि पहिल्या ओळीलाच हॉल गप्प झाला. तिचे उच्चार माझ्या आईला हवे होते तसे होते. माझ्या ‘च’ला हिंदी शाळेचा वास यायचा, तिच्या नाही. सातव्या श्लोकाला ती अडली. तिने खाली पाहिलं, आणि पहिल्या रांगेत मीच होतो. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. पुढचा शब्द मला येत होता. तो जिभेवर तयार होता आणि त्याला पितळेची चव होती. मी तोंड मिटून बसलो. बक्षीस म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला. आई अजून त्यात जिरं ठेवते. दोन तपांच्या आसपास होत आलं, पण घरात फोडणी पडली की मला तिचे डोळे दिसतात, अडलेले, विश्वासाने माझ्याकडे वळलेले.

मंगळवारी उर्वशी माझ्या टेबलाशी आली. “भिया, उद्या एकदा नजर मारा ना माझ्या त्या कृतीवर. गुरुवारी धारला आमच्या काटेवाल्या तात्यांकडे टाकायचंय. पहिलंच अपग्रेड आहे आपलं, आणि तात्यांचंच आहे. मला धाकधूक होतेय.”

बुधवारी मी ते वाचलं. मी कुणाचा कोड इतक्या प्रेमाने कधी वाचला नव्हता. एकेक ओळ उलटीपालटी करून, टोमॅटो निवडतात तशी. नावं स्वच्छ होती. जिथे मी चार ओळी लिहितो तिथे तिची एक होती, आणि ती पुरत होती. प्रत्येक चांगल्या ओळीनंतर मी पुढच्या ओळीकडे आशेने जात होतो. आणि तेराव्या ओळीवर ते सापडलं. तिची कृती विचारत होती: या माणसाचा डॉक्युमेंट्स फोल्डर कुठे आहे? प्रश्न बरोबर होता, विचारायची वेळ चुकीची होती. इन्स्टॉलरचं खरं काम सुरू होतं तेव्हा अशी कृती कॉम्प्युटरच्या मालकाच्या नावाने चालत नाही. ती सिस्टिम नावाच्या एका अदृश्य वापरकर्त्याच्या नावाने चालते. त्याला सगळे अधिकार असतात, कुठलंही दार त्याला उघडतं, पण आपण कुणाच्या घरात आहोत ते त्याला ठाऊक नसतं. त्याला ‘माझा डॉक्युमेंट्स’ म्हटलं की तो विंडोजच्या पोटात खोलवर असलेल्या स्वतःच्या फोल्डरकडे जातो, जिथे कधी कुणी काही ठेवलेलं नाही. मालकाचा पत्ता आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्यावा लागतो. उर्वशीने चिठ्ठी दिली नव्हती. तिची कृती त्या रिकाम्या घरात जाणार, शून्य नोंदी मोजणार, शून्य नोंदी नव्या जागी नेणार आणि ‘यशस्वी’ म्हणून परत येणार. तिने तपासणी केली होती ती कोऱ्या कॉम्प्युटरवर, आमच्यात सगळे करतात तशी. कोऱ्या कॉम्प्युटरवर आणायला मुळात काही नसतंच.

मी खुर्चीत मागे टेकलो. पंख्याचा वारा मानेला लागला आणि तो फार सुखाचा वाटला. त्या सुखाची मला तेव्हा लाज वाटली नाही, हे खरं आहे.

“बघितलंत?” तिने विचारलं.

“बघितलं. चांगलं आहे.”

“खरंच? मग टाकू ना तात्यांकडे?”

“टाक की.”

मी हिशेब केला होता. नुकसान काही नव्हतं. जुन्या नोंदी जुन्या जागी राहतीलच. नवं सॉफ्टवेअर रिकामं उघडेल, ती गोंधळेल, मी पुढे होईन, जुना फोल्डर उघडून दाखवीन आणि हाताने नोंदी आणीन. पाच मिनिटांची लाज, तीही तिच्याच गावात. तेव्हा काय म्हणायचं तेही मी ठरवलं होतं: “होतं असं पहिल्यांदा.” आणि म्हणूनच अंबरीश सर जेव्हा म्हणाले, “विहंग, तू भी चला जा साथ में, कुछ सीख ले,” तेव्हा मला राग आला नाही. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहत होतो.

इंदूरला बस बदलून आम्ही धारच्या बसमध्ये बसलो. बेटमा गेलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन. उर्वशीने घरून आणलेल्या डब्यातला पराठा अर्धा करून मला दिला आणि सांगत बसली. तात्या म्हणजे गोपाळराव, पण आख्खी गल्ली तात्याच म्हणते. संस्थानाच्या वेळी कोठारातले तराजू त्यांचे आजोबा लावत. लहानपणी ती शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात बसायची आणि तिचं काम एकच, चिमट्याने लहान वजनं उचलून देणं. हात लावायचा नाही, बोटाच्या घामाने वजन बदलतं. “सात वर्षांची होते मी,” ती म्हणाली, “आणि मला वाटायचं मी फार मोठं काम करतेय.” हे आम्हाला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. म्हणजे तिने मला तिथेही आधीच गाठलं होतं. पराठा चांगला होता. मी सगळा खाल्ला.

तात्यांचं दुकान धारला, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत. एकाहत्तर वर्षांचा बारीक माणूस, कपाळावर वर सरकवलेलं भिंग. “यावे, यावे. उर्वशी, ह्यांस पाणी दे. आपले आडनाव?” अशी मराठी मी फक्त श्राद्धाला गुरुजींच्या तोंडून ऐकली होती. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “जी, वो... हम लोग देवास के हैं.” तात्या हसले, आणि पाहुण्याला अवघडायला नको म्हणून स्वतःच हिंदीत आले. “अच्छा, अच्छा, देवास. बढ़िया.” पुढचे दोन तास ते उर्वशीशी मराठीत आणि माझ्याशी हिंदीत बोलले. एवढ्या सौजन्याने मला कुणी कधी बाहेर बसवलं नव्हतं.

“चारशे सतरा काटे आहेत ह्यात,” तात्या कॉम्प्युटरवर हात ठेवून तिला सांगत होते. “कोणता काटा कोणत्या ऋतूत किती सरकतो, सगळे. एका बोटाने लिहिले, तीन वर्षे. ह्या बोटाने. वह्या होत्या, त्या रद्दीत दिल्या. तुमच्या कंपनीतले कुणी फोनवर म्हणाले, आता वह्या कशाला.”

तो कुणी मीच होतो. मी पाणी प्यायलो.

उर्वशीने अपग्रेड सुरू केलं. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली, थांबली, पुढे गेली. चाळीस सेकंद. तिने नवं सॉफ्टवेअर उघडलं. स्वच्छ पांढरं कोष्टक, वर मथळे, खाली काही नाही. नोंदी: शून्य.

“अरे,” ती म्हणाली.

जिभेवरची पितळेची चव गेली आणि तिथे काहीतरी गोड आलं. “सरक, मी बघतो,” मी म्हणालो. खुर्ची ओढून बसलो, जुना डॉक्युमेंट्स फोल्डर उघडला. आमचा फोल्डर तिथे नव्हता. मी पुन्हा उघडला. तात्यांच्या नातवाचे फोटो होते, विजेच्या बिलाची एक फाईल होती. आमचा फोल्डर जिथे असायचा तिथे नुसती पांढरी जागा होती, टेबल पुसून ठेवावं तशी. तेव्हा मला कळलं. अपग्रेड म्हणजे नवं बसवणं आणि जुनं काढणं. आणि जुनं काढताना जुन्या आवृत्तीतल्या कृती चालतात, माझ्या कृती. उर्वशीने नव्यातून त्या काढल्या होत्या, पण या कॉम्प्युटरवर तीन वर्षांपूर्वीची माझी आवृत्ती होती. कायमचं काढताना पुसायचं आणि अपग्रेडसाठी काढताना पुसायचं नाही, अशी एका ओळीची अट तिथे लिहायला हवी होती. ती मी लिहिली नव्हती. आणि माझी कृती, मी तशी सोय करून ठेवल्यामुळे, सिस्टिमच्या नावाने नव्हे, मालकाच्या नावाने चालणारी होती. तिला घर बरोबर सापडलं.

उर्वशीने लॉग उघडला. इन्स्टॉलर जे जे करतो ते सगळं त्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. आधी तिची ओळ: शून्य फायली आणल्या. मग खाली, शंभरेक ओळींनंतर, माझी इंग्रजी ओळ, मीच तीन वर्षांपूर्वी ऐटीत लिहिलेली, सफाई पूर्ण झाल्याचं सांगणारी. तिचं बोट माऊसच्या चाकावर तिथे थांबलं. एक सेकंद, फार तर दीड. मग तिने खाली सरकवलं आणि फाईल बंद केली. पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम आम्ही लावून पाहिला, डिस्क पुसलेलं लगेच मोकळं करून टाकणाऱ्या नव्या जातीची होती, काही मिळालं नाही.

“तात्या,” ती म्हणाली, “नोंदी गेल्या. चूक माझी आहे. मी कोऱ्या कॉम्प्युटरवर तपासलं, तुमच्यासारख्यावर तपासायला हवं होतं.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

तात्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं आणि पुन्हा वर सरकवलं. त्यांचं ते एक बोट टेबलावर आपोआप हलत होतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग असेल असं मला वाटलं होतं. ते तिच्याकडे असं पाहत होते, जसं एखादं वजन तपासून बरोबर निघाल्यावर पाहत असतील. “बस,” ते म्हणाले. “उभी काय राहिलीस? चहा सांगतो.”

आणि मला ते सहन झालं नाही. मी इथे प्रामाणिकपणाचा आव आणणार नाही. मला पश्चात्ताप झाला म्हणून मी बोललो नाही. माझ्या दहा कृती तिने घेतल्या, सरांचं कौतुक घेतलं, मराठी तिची, चिमटा तिचा, आणि आता माझी चूकही ती घेऊन चालली होती, आणि त्या चुकीवर तिला ती नजर मिळत होती. “नाही,” मी म्हणालो. मराठीत म्हणालो. “पुसलं मी, तात्या. तिचा कोड फक्त रिकाम्या हाताने परत आला. नोंदी माझ्या कोडने पुसल्या. आणि वह्या कशाला, असं फोनवर म्हणणारा पण मीच.”

तात्या माझ्याकडे वळले. मी वाट पाहिली. ती नजर मला मिळाली नाही. त्यांनी फक्त मान हलवली. “बरे,” ते म्हणाले, “मग दोघांसही काम आहे.”

त्यांनी कपाटातून दुरुस्तीला आलेल्या एका काट्याचं स्टीलचं पारडं काढलं आणि उलटं केलं. पाठीवर, कडेला, सुईने कोरलेले बारीक आकडे होते. तारीख, आणि पुढे चूक. एकाखाली एक, चार-पाच ओळी. “वडिलांची सवय,” ते म्हणाले. “कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. मी कॉम्प्युटर घेतला, पण हात ऐकत नाही. प्रत्येक पारड्यावर आहे. काटे मात्र गावोगाव आहेत, हो.”

शुक्रवारी दुपारी आम्ही धारजवळच्या तिरल्यात होतो. एकोणतीस काटे झाले होते, तीनशे अठ्ठ्याऐंशी उरले होते. खताच्या दुकानाचा मालक विक्रमसिंह गल्ल्यामागून माळवीत ओरडला, “कंई भिया, कांटो उलटो करी ने तोलोगा कंई?” आणि गिऱ्हाइकं हसली. मी पारडं पालथं धरून वाचत होतो, उर्वशी पोत्यावर बसून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये टाइप करत होती. कालपासून ती माझ्याशी आकड्यांशिवाय काही बोलली नव्हती. रागावलेलीही नव्हती. युरियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. तात्यांची सुई काही ठिकाणी खोल गेली होती, काही ठिकाणी नुसती घसरली होती, आणि मी पारडं उजेडाकडे तिरकं करत होतो तेव्हा मला ती हॉलमधली मुलगी दिसली, आणि यावेळी फोडणी नव्हती.

“उर्वशी. मला बुधवारीच दिसलं होतं. तेरावी ओळ.”

टाइप करायचा आवाज थांबला. बाहेर एक ट्रॅक्टर गेला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पारड्याकडे पाहत होती.

“आकडा?” ती म्हणाली.

“अधिक दोन ग्रॅम.”

“तारीख?”

मी अंगठ्याने खताची भुकटी पुसली आणि तारीख सांगितली. तिने टाइप केली. मग लॅपटॉप उचलला आणि माझ्याकडे वळवला. “एकदा नजर मारा, भिया.”

मी वाचलं. दुकानाचं नाव, काट्याचा नंबर, तारीख, सगळं बरोबर होतं. शेवटच्या रकान्यात तिने वजा दोन लिहिलं होतं. माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता. दोन सेकंद गेले, मी मोजले.

“चिन्ह चुकलंय,” मी म्हणालो. “अधिक पाहिजे.”

तिने ते बदललं आणि पुढचं पारडं मागितलं. ती चूक तिने मुद्दाम केली होती का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मुद्दाम केली असेल, तर तेही तिलाच सुचलं.